जंगली यीस्टच्या आंबट बिअरची छोटी ब्रुअरी पाहायला जाताना काय पाहावे, काय विचारावे?

अर्धा_पेला:

येत्या महिन्यात आम्ही चार मित्र एका लहानशा ब्रुअरीला भेट देणार आहोत. तेथे जंगली यीस्टने आंबवलेल्या आंबट बिअरखेरीज दुसरे काहीच होत नाही. काम करणारी माणसे तीन, लाकडी पिंपे शंभराच्या आतबाहेर, आणि भेटीची वेळ आधी कळवून ठरवावी लागते. यापूर्वी मी दोन मोठ्या ब्रुअऱ्या पाहिल्या आहेत. तेथे चकचकीत टाक्यांच्या रांगांमधून आपल्याला फिरवतात, पाठ केलेली माहिती ऐकवतात, शेवटी एक पेला हातात देतात आणि भेट संपते. येथे तसे नसावे असा अंदाज आहे, कारण आमच्या पत्राला उत्तर देताना ब्रुअरने उलट आम्हालाच विचारले आहे की तुम्हाला नेमके काय पाहायचे आहे. या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी एकालाही देता आले नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

माझा खरा गोंधळ मात्र वेगळाच आहे. गेल्या वर्षी एका मित्राने ग्यूझ या बेल्जियमच्या आंबट बिअरची एक बाटली उघडली. आमच्यापैकी एकाने पहिल्या घोटानंतर पेला मोरीत ओतून दिला, दुसऱ्याने बाटली खराब झाल्याचा निर्वाळा दिला. माझे पहिल्या घोटाला दात आंबले, दुसऱ्याला तबेल्याचा आणि जुन्या चामड्याचा वास आला, आणि तिसऱ्या घोटापासून ती मला आवडू लागली. बाटली आणणारा मित्र म्हणाला, की हीच तिची चव आहे. पुढे काही महिन्यांनी त्याच मित्राने दुसऱ्या कोणाची तरी आंबट बिअर आणली. तिला नखांवरचा रंग पुसण्याच्या द्रवासारखा उग्र वास येत होता, आणि तेव्हाही तो शांतपणे म्हणाला, की हीच तिची चव आहे. तेथे माझा विश्वास डळमळला. जो दोष काढावा तो शैलीचाच भाग ठरत असेल, तर या प्रकारात बिअर बिघडली असे म्हणायचे तरी केव्हा?

म्हणून जाणकारांना विचारतो: अशा ब्रुअरीत पाहण्यासारखे काय असते, वर्षाच्या कोणत्या काळात गेल्यास ते दिसते, आणि ब्रुअरचा अपमान न करता त्याला कोणते प्रश्न विचारता येतात? आमच्यातला एक जण घरी साधी बिअर करतो. अशा ठिकाणाहून परत आल्यावर त्याने काही काळजी घ्यावी असे त्याने कोठेतरी वाचले आहे. त्यात तथ्य आहे का?

लाकडी_पिंप:

आधी काळाचे सांगतो, कारण माझी पहिली भेट मी त्याच चुकीमुळे निम्मी वाया घालवली. ब्रसेल्समधील अँडरलेख्त भागात कँतियों ही १९०० साली सुरू झालेली ब्रुअरी आहे, आणि १९७८ पासून ती संग्रहालय म्हणूनही लोकांसाठी खुली आहे. मी तेथे भर उन्हाळ्यात गेलो. छपराखालच्या माळ्यावर तांब्याचे प्रचंड उथळ कुंड आहे, त्याला कूलशिप म्हणतात. त्यात सुमारे साडेसात हजार लिटर वॉर्ट, म्हणजे बिअर होण्याआधीचा धान्याचा गोड काढा, मावतो. मी पोहोचलो तेव्हा ते कोरडे ठणठणीत होते, कारण तेथे ऑक्टोबरअखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतच, म्हणजे रात्री थंड असतात तेवढाच काळ, वॉर्ट शिजवतात. उकळून निघालेला वॉर्ट संध्याकाळी या कुंडात सोडायचा, रात्रभर उघडा ठेवायचा, आणि सकाळी तो १८ ते २० अंशांवर आला की पिंपांत भरायचा, असा क्रम असतो. उन्हाळ्यात वॉर्ट वेळेत थंड होत नाही आणि नको ते जिवाणू हवेत फार असतात. तेव्हा तुमच्या ब्रुअरीत कूलशिप असेल आणि ते भरलेले पाहायचे असेल, तर थंडीतली तारीख मागून घ्या आणि पहाटे पोहोचण्याची तयारी ठेवा. रात्रभर वाफ धरून राहिलेल्या त्या खोलीत सकाळी शिरल्यावर भिजलेल्या धान्याचा जो उबदार वास येतो, तो दुपारपर्यंत उरत नाही.

मी दुसऱ्यांदा गेलो तो थंडीत, आणि तेव्हा पिंपांजवळ जास्त वेळ थांबलो. तेथे कोळ्यांची जाळी मुद्दाम झाडत नाहीत, कारण फळांच्या वासाने येणारे कीटक कोळी खातात. ज्याला स्वच्छता म्हणजे चकाकी असे वाटते त्याला हे दृश्य चमत्कारिक वाटेल. पण नळ्या, पंप आणि बाटल्या यांच्या बाबतीत हीच माणसे किती काटेकोर असतात तेही पाहून घ्या. कोणती गोष्ट धुवायची आणि कोणती अजिबात धुवायची नाही, याचा त्या घराने केलेला निवाडा हीच तेथली पाहण्यासारखी पहिली गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे कच्चा माल, आणि तो दाखवा असे मागितल्याशिवाय सहसा कोणी दाखवत नाही. लँबिकसाठी, म्हणजे ब्रसेल्सकडच्या या आपोआप आंबणाऱ्या बिअरसाठी, माल्ट केलेल्या (मोड आणून वाळवलेल्या) बार्लीबरोबर सुमारे एक तृतीयांश कच्चा गहू घेतात, आणि हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी वेलीची फुले, तर दोन-तीन वर्षे जुने करून वापरतात. ताज्या हॉप्सच्या कडूपणाचे आंबटाशी जमत नाही. जुन्या हॉप्सचा कडूपणा उतरलेला असतो, पण जिवाणूंना आवरण्याची ताकद बऱ्याच अंशी शिल्लक असते. मूठभर जुने हॉप्स हातात चुरगळून वास घ्या. तपकिरी पडलेल्या त्या फुलांना ओशट, शिळ्या चीजसारखा वास येतो, आणि हे कोणी बिअरमध्ये का घालत असेल असा प्रश्न पडतो. तो वास दीर्घ उकळीत आणि नंतरच्या वर्षांत मुरून जातो.

तिसरे, चाखायला मिळणारा पहिला पेला बहुधा पिंपातून थेट काढलेल्या बिअरचा असेल आणि त्याला अजिबात फेस नसेल. ती शिळी म्हणून परत करू नका. एका पिंपातली नुसती लँबिक अशीच सपाट असते. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लँबिकचा मेळ घालून ती बाटलीत भरली, की कोवळ्या लँबिकमधली उरलेली साखर बाटलीतच पुन्हा आंबते, तिला फेस येतो, आणि मग तिला ग्यूझ म्हणतात. मेळ घालण्याची ही कला इतकी स्वतंत्र आहे, की बेल्जियममध्ये स्वतः वॉर्ट न शिजवता तो दुसऱ्यांकडून घेऊन, आपल्या पिंपांत मुरवून, केवळ मेळ घालणारी घराणी आहेत. तिल्कें हे त्यांतले अलीकडचे नाव, त्यांची पहिली ग्यूझ २०११ ची.

तुमच्या मुख्य प्रश्नाकडे माझ्या मते यावरूनच जाता येते. ब्रुअरला विचारा, की गेल्या वर्षी तुम्ही किती पिंपे ओतून दिली? हा प्रश्न अपमानाचा नाही. चांगला ब्रुअर त्याचे उत्तर लगेच देतो, आणि बहुतेक वेळा ते पिंप कोणते होते तेही त्याच्या लक्षात असते. जो म्हणतो की आमचे एकही पिंप वाया जात नाही, त्याच्याकडची बाटली मी विचार करूनच घेईन.

सूक्ष्मदर्शक:

लाकडी_पिंप यांनी चांगली माहिती दिली आहे. फक्त कुंडात रात्रभर हवेतून यीस्ट येते आणि काम होते, एवढाच समज होऊ नये म्हणून थोडी भर घालतो.

हवेतून जे येते ते खरेच येते, पण पुढचे बरेचसे काम त्या वास्तूत आणि त्या लाकडात आधीच मुक्काम केलेले जीव करतात. अमेरिकेत कूलशिप वापरणाऱ्या एका ब्रुअरीच्या बिअरवर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्षही असाच होता, की ब्रुअरीतच वस्तीला असलेले सूक्ष्मजीव या टप्प्याटप्प्याच्या किण्वनामागे असतात. म्हणून जुन्या ब्रुअऱ्या पिंपे, तुळया आणि भिंती यांना हात लावायला कचरतात. तुमची ब्रुअरी नवी असेल तर पहिल्या पिंपांत ही वस्ती कशी वसवली हे जरूर विचारा. एखाद्या जुन्या ब्रुअरीची किंवा वाइनची पिंपे आणली, काही जातींचे विरजण लावले, की नुसती वाट पाहिली? प्रत्येक उत्तरामागे वेगळी गोष्ट असते.

आता क्रम. पहिल्या काही आठवड्यांत आतड्यांत सापडणाऱ्या जिवाणूंच्या कुळातले जिवाणू वाढतात, आणि त्या काळातला वास कोणाला सांगण्यासारखा नसतो. त्या वयाची बिअर चाखू नये, आणि जबाबदार ब्रुअर ती देतही नाही. मग नेहमीच्या बिअरमधले सॅकॅरोमायसिस यीस्ट बहुतेक अल्कोहोल तयार करते. काही महिन्यांनी पेडिओकोकस हा जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करू लागतो, आणि सर्वांत शेवटी सावकाश कामाला लागते ते ब्रेटानोमायसिस हे जंगली यीस्ट. इतर यीस्टला न पचणाऱ्या लांब साखळीच्या शर्करा ते वर्ष-दोन वर्षे खात राहते. लँबिकचा वॉर्ट मुद्दाम गढूळ ठेवतात तो याच शेवटच्या पाहुण्याच्या शिदोरीसाठी. गंमत अशी, की हे यीस्ट १९०४ साली निल्स हेल्ते क्लाउसन या शास्त्रज्ञाने कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत इंग्लिश बिअरच्या अभ्यासातून पुढे आणले आणि नावातही त्याने ब्रिटनच ठेवले, पण त्याच्या सर्वांत प्रसिद्ध जातीला आज ब्रसेल्सचे नाव आहे.

दोषांकडे वळू. या सर्व जीवांच्या कामातून चांगले आणि वाईट दोन्ही निर्माण होते, म्हणून निव्वळ वासाच्या यादीवरून निकाल देता येत नाही. तो वास किती प्रमाणात आहे आणि बिअरच्या कोणत्या वयात आहे, हे पाहावे लागते. तबेला, चामडे, किंचित धूर हे ब्रेटानोमायसिसने तयार केलेल्या फिनॉल वर्गातल्या पदार्थांचे वास आहेत. ते मागे राहून बोलत असतील तर गुण. पेल्यात त्यांच्याशिवाय काहीच उरले नसेल, तर मी त्याला दोष म्हणेन. नखांच्या रंगाच्या द्रवाचा वास इथाइल ॲसिटेटचा असतो. त्यामागे बहुधा पिंपात शिरलेली हवा असते, कारण ॲसिटिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. तुमच्या दुसऱ्या बाटलीचा वास तुम्ही वर्णन करता तितका उग्र असेल, तर मित्राचे म्हणणे चूक आहे. ती शैली नसून गळके पिंप आहे.

काही दोष मात्र तात्पुरते असतात. पेडिओकोकसमुळे मध्यंतरी बिअर घट्ट होते आणि तिला तार सुटते. याला आजारी पडणे असेच म्हणतात, आणि ब्रेटानोमायसिसला काही महिने दिले की तार आपोआप मोडते. दुसरा तसाच दोष घोट गिळल्यानंतर येतो: नाकाला काहीच कळत नाही, पण काही सेकंदांनी जिभेच्या मागच्या बाजूला उंदराच्या पिंजऱ्याची, ओल्या धान्याच्या भुशाची चव उमटते. त्याला कारणीभूत असलेला पदार्थ आम्लात दबून राहतो आणि लाळेत मिसळल्यावर मोकळा होतो, म्हणून त्याचा वास पेल्यात येत नाही. सगळ्यांना तो सारखा जाणवतही नाही. बाटली भरल्यानंतरच्या महिन्यांत हा दोष अनेकदा दिसतो आणि पुष्कळदा ठेवल्यावर जातो. ब्रुअरला विचारा, की हा दोष आला तर तुम्ही बाटल्या किती काळ रोखून ठेवता. लहान ब्रुअरीला माल रोखून ठेवणे परवडत नाही, त्यामुळे या उत्तरात तिची सचोटी दिसते.

कोणाला प्रकृतीची चिंता वाटत असेल तर सांगतो, की पुरेशी मुरलेली आंबट बिअर चवीला कितीही विचित्र लागली तरी अपायकारक नसते. तिचा पीएच सहसा साडेतीनच्या आसपास, म्हणजे चांगलाच आम्ल असतो, शिवाय अल्कोहोल आणि हॉप्स असतात. या तिन्हींपुढे रोगजंतूंचा टिकाव लागत नाही.

मोजके_बोल:

एक प्रश्न सर्वांत आधी विचारावा: आंबटपणा कोठून आला? जंगली हा शब्द हल्ली लेबलावर फार सैल वापरतात. काही ब्रुअऱ्या उकळण्याच्या भांड्यातच लॅक्टोबॅसिलस हे आंबट करणारे जिवाणू घालून एक-दोन दिवसांत वॉर्ट आंबट करतात, मग तो उकळून ते जिवाणू मारतात आणि पुढे साधे यीस्ट वापरतात. त्यातून स्वच्छ, तरतरीत बिअर मिळते आणि तिच्यात कमीपणा काही नाही, पण तिला जंगली म्हणणे ही थाप आहे. काही जण प्रयोगशाळेतून विकत आणलेले ब्रेटानोमायसिस आणि जिवाणू पिंपात सोडतात. ते मिश्र किण्वन झाले, आणि त्यालाही वर्षे लागतात. बाहेरून काहीही न घालता कुंडात आणि पिंपात आपोआप होणारे किण्वन हा तिसरा प्रकार. तिन्ही प्रकार करणाऱ्याला ते वेगवेगळे सांगता येतात. सरसकट निसर्ग, परंपरा असे ऐकू येऊ लागले तर भेट आटोपती घ्यावी.

घरची_भट्टी:

घरी बिअर करणाऱ्या मित्रापुरते लिहितो, कारण या वाटेने मी आधी जाऊन ठेच खाल्ली आहे.

अशा ब्रुअरीतून आल्यावर कपडे बदलावेत, बूट बाहेर काढावेत, असा सल्ला मी वाचला आहे, पण माझ्या अनुभवात धोका कपड्यांतून येत नाही. तो येतो उत्साहातून. मी एका बाटलीच्या तळाचा गाळ जपून आणला, घरच्या एका बादलीत त्यावर बिअर केली, आणि नंतर तीच प्लास्टिकची नळी धुऊन साध्या बिअरला वापरली. प्लास्टिकवरच्या बारीक ओरखड्यांत ब्रेटानोमायसिस दडून राहते आणि नेहमीच्या धुण्याने जात नाही. पुढची साधी बिअर सहा आठवडे उत्तम होती. मग एकेका बाटलीतून उघडताच फेसाचे कारंजे उडू लागले, आणि एके रात्री कपाटातली बाटली फुटली. साध्या यीस्टने सोडून दिलेल्या शर्करा या पाहुण्याने बाटलीत बसून संपवल्या होत्या, आणि त्यातून निघालेल्या वायूला जायला जागा नव्हती. तेव्हापासून माझ्याकडे नळ्या, बुचे, बादल्या यांचे दोन संच आहेत आणि एकावर लाल पट्टी आहे. मित्राने प्लास्टिक, रबर आणि लाकूड वेगळे ठेवावे. काच आणि स्टील नीट घासून निर्जंतुक केले तर चालते.

गाळ घरी न्यायचा असेल तर ब्रुअरला विचारून न्यावा. बहुतेक जण हसून हो म्हणतात, कारण त्यांना माहीत असते की वास्तू आणि पिंपे सोबत जात नाहीत.

सूक्ष्मदर्शक यांच्या एका वाक्याशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. ॲसिटिक आम्ल दिसले की पिंप गळके, हा निकाल लँबिकला जुळतो. पण बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या तांबड्या बिअरमध्ये थोडा व्हिनेगरी झोक हा चवीचा भाग मानला जातो. तिथल्या रुसलारे गावातील रोडनबाख ब्रुअरीच्या उभ्या ओक टाक्यांतून निघणारी बिअर चाखली तर तो गोडसर फळांच्या चवीशी कसा बांधलेला असतो ते कळते. तेव्हा समोरचा ब्रुअर कोणत्या घराण्याचे गाणे गातो आहे, हे आधी विचारून घ्यावे.

सूक्ष्मदर्शक:

हरकत मान्य. व्हिनेगरचा झोक आणि नखांच्या रंगाच्या द्रवाचा वास यांत मात्र फरक करावा. पहिला काही ठिकाणी शोभतो, दुसरा एवढ्या प्रमाणात कोठेच शोभत नाही.

आणखी एक सूचना राहिली. पिंपातल्या बिअरवर साय धरते, पांढरट, सुरकुतलेली, कधी बुडबुड्यांनी फुगलेली. ती दिसली तर बुरशी म्हणून दचकू नका, आणि ब्रुअरने वरचे बूच काढले नाही म्हणून आग्रहही धरू नका. बूच उघडले की हवा आत जाते. नमुना काढण्यासाठी पिंपाच्या तोंडाच्या फळीला बारीक भोक पाडून त्यात स्टेनलेस स्टीलचा खिळा ठोकलेला असतो. तो उपसला की बारीक धार येते आणि सायीला धक्का लागत नाही. खिळ्यांना आपण होऊन हात लावू नये हे सांगायला नको, पण एका भेटीत आमच्यातल्या एकाने लावला होता.

लाकडी_पिंप:

आणि गाडी चालवणारा आधी ठरवून ठेवा. नमुने लहान असतात, पण सातवा नमुना कधी झाला ते कळत नाही. थुंकण्यासाठी भांडे मागायला संकोच करू नका, ब्रुअर स्वतःही तेच करत असतो.

अर्धा_पेला:

काल जाऊन आलो. सर्वांचे आभार मानून थोडे सविस्तर लिहितो.

कूलशिप होते, पण कोरडे होते. आमची तारीख चुकीच्या महिन्यातली होती आणि ती बदलता आली नाही. पोहोचल्यावर ब्रुअरने तोच प्रश्न पुन्हा विचारला, की काय पाहायचे आहे. या वेळी उत्तर तयार होते. मी म्हटले, तुम्ही ओतून देणार आहात ते पिंप दाखवा. ते क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले, मग काही न बोलता सर्वांत आतल्या रांगेकडे चालू लागले. तेथे एका पिंपावर खडूने फुली मारलेली होती. त्यांनी पकडीने खिळा उपसला, धार पेल्यात धरली, आणि पेला नाकाजवळ नेण्याआधीच मला तो वास ओळखू आला. दुसऱ्या बाटलीतला, नखांच्या रंगाच्या द्रवाचाच तो वास होता. एक फळी सुकून आकसली होती, ते लक्षात यायला दोन महिने लागले, आणि तेवढे पुरे झाले, असे ते म्हणाले. त्या पिंपाला चिकटूनच त्याच दिवशी, त्याच वॉर्टने भरलेले दुसरे पिंप होते. त्यातून आलेली धार मला अजून आठवते: तिचा पेल्यात पडताना आवाजच झाला नाही. तेलासारखी घसरत ती तळाशी गेली, आणि पेला तिरका केला तेव्हा काठावरून मधासारखी तार लोंबली. चव मात्र साधी, जराशी आंबट होती. हे आजारी आहे, थंडीपर्यंत बरे होईल, असे त्यांनी एखाद्या घरच्या माणसाविषयी बोलावे तसे सांगितले. तिसरे पिंप त्याच दिवसाचे, आणि ते इतके उत्तम होते की आमच्यातला बाटलीला खराब म्हणणारा मित्र पेला परत द्यायला तयार नव्हता.

मग त्यांनी मोजपात्र आणले. तिसऱ्या पिंपाची बिअर एकटी सुरेख होती, पण दोन घोटांनंतर टोचू लागत होती. चौथे एक तीन वर्षांचे पिंप होते, अगदी मवाळ, माझ्या मते काहीच न सांगणारे. दोन्हींचा त्यांनी तीनास एक असा मेळ घातला. त्या मवाळ बिअरने उग्र बिअरची टोके झिजवली आणि स्वतः कोठे दिसेनाशी झाली. नंतर त्यांनी आपण होऊन त्यात फुलीच्या पिंपातले अगदी थोडे, विसात एक इतकेच मिसळून दाखवले. घाण वास गेला होता, पण बिअर बोथट झाली होती, आणि घशाशी काहीतरी चरचरत होते. पुष्कळ जण एवढे घालतात, कारण एवढे कोणाला कळत नाही, असे ते म्हणाले. ते स्वतः का घालत नाहीत हे मी विचारले नाही. या वर्षी भरलेल्या अठ्ठावीस पिंपांपैकी दोन ओतली आणि हे तिसरे, हे मात्र त्यांनी न विचारता सांगितले.

उंदराच्या पिंजऱ्याची चवही भेटली. महिनाभरापूर्वी भरलेल्या एका बाटलीतून चौघांना एकेक घोट दिला. दोघांना काहीच जाणवले नाही. मला दहापर्यंत मोजून झाल्यावर जिभेच्या मुळाशी ती उमटली आणि पाणी पिऊनही हटेना. त्या बाटल्या पुढच्या वर्षापर्यंत तळघरातून वर येणार नाहीत.

मोजके_बोल यांचा प्रश्नही विचारला. उत्तर सरळ आले: पहिल्या दोन वर्षांत विकतचे ब्रेटानोमायसिस घातले होते, त्या बाटल्यांवर तसे लिहिले आहे, आता घालत नाहीत, पण पिंपे तीच असल्यामुळे ते त्यांच्यात राहत नसेल असा दावा ते करणार नाहीत.

गेल्या वर्षी ज्या मित्राने पेला मोरीत ओतला होता, त्याने दोन बाटल्या विकत घेतल्या. त्यांना कॉर्क आहे. त्या आडव्या ठेवाव्यात की उभ्या, यावर परतीच्या वाटेवर गाडीत वाद झाला, तो मिटलेला नाही.

लाकडी_पिंप:

तळघरात आडव्या ठेवाव्यात, अंधारात आणि फारशा न तापणाऱ्या जागी. उघडण्याआधी दोन दिवस उभ्या कराव्यात, म्हणजे गाळ तळाशी बसतो. किंवा आडव्या बाटलीसाठी टोपली मिळते, तीत तशीच तिरकी ठेवून हळू ओतावे. पहिली बाटली आता उघडा, दुसरीवर तारीख लिहून ठेवा. आणि ओतताना शेवटचा बोटभर गाळ वेगळ्या पेल्यात घ्या, घरी बिअर करणारा तुमचा मित्र तो मागणारच आहे.

घरची_भट्टी:

मागू द्या. नळी वेगळी घ्यायला सांगा.